मिशनच्या साहाय्य कार्यालयातील दिनक्रम : रुजू होण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

पांढरमाती (धागाकर्ती) :

सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका मिशनचे साहाय्य कार्यालय आहे. तेथे कार्यालय साहाय्यक म्हणून रुजू होण्याविषयी मला विचारणा झाली आहे. आजवर मी एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिकाचे काम केले, त्यामुळे आवक-जावक, पावतीपुस्तक आणि वेतनपत्रक यांची सवय आहे. हे कार्यालय स्वतः गावोगावी जाऊन सुवार्तेचे, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याचे, काम करीत नाही. जे सेवक पोडांवर (आदिवासी वस्त्यांवर) आणि आडगावी कुटुंबासह राहतात, त्यांचे मानधन, प्रवासखर्च, आजारपण, मुलांचे शिक्षण, मासिक अहवाल, देणगीदारांशी पत्रव्यवहार आणि शासकीय कागदपत्रे एवढे सगळे तेथील चार माणसे सांभाळतात.

माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे असे, की ही कारकुनीच आहे, फक्त पगार कमी आहे. मला तसे वाटत नाही, पण त्याला नीट उत्तरही देता आले नाही. ज्यांनी अशा कार्यालयात काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे : तेथील दिवस प्रत्यक्षात कसा जातो, कोणत्या कामाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, आणि सेवेच्या ओढीने आलेल्या माणसाचे मन व्हाउचरांच्या ढिगाऱ्यात टिकते का?

जुना खजिनदार :

ताई, अकोला जिल्ह्यातील अशाच एका कार्यालयातून मी निवृत्त झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे सकाळी साडेनऊला प्रार्थना होत असे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन, शास्त्रवाचन, आणि त्यानंतर भिंतीवरच्या प्रार्थना-दिनदर्शिकेत त्या तारखेसमोर ज्या सेवकाचे नाव असेल त्याच्यासाठी व त्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना. ती संपली की त्याच सेवकाला दूरध्वनी करण्याचा आमचा नियम होता. प्रार्थनेत ज्याचे नाव घेतले त्याची खुशाली त्याच दिवशी विचारायची, उद्यावर ढकलायची नाही. त्या फोनवर कळणाऱ्या गोष्टी कोणत्याही अहवालात येत नाहीत : मोटारसायकलची साखळी तुटली आहे, धाकट्या मुलीचा ताप उतरत नाही, घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली आहे.

पुढचा वेळ टपाल, बँक आणि व्हाउचरे. महिन्याच्या पंचवीस तारखेपासून एक तारखेपर्यंत मात्र दुसरे काहीही सुचत नाही, कारण मानधनाची यादी, कपाती, आगाऊ उचल आणि खात्यांचे क्रमांक पुन्हापुन्हा ताडून पाहावे लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा आम्ही सकाळी साडेसातला कार्यालय उघडून दुपारी दीडला बंद करीत असू. वीज गेली की कूलरही बंद आणि संगणकही बंद, म्हणून त्या महिन्यात सगळी बेरीज आधी कागदावर होत असे. कीर्द हाताने लिहिता येणे ही आजही उपयोगाची विद्या आहे, एवढे लक्षात ठेवा.

आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच, की सर्वाधिक लक्ष मानधन ठरलेल्या तारखेला पोचण्याकडे द्यावे. बाकी सारे त्यानंतर.

हिशेबतपासनीस :

खजिनदारकाकांशी सहमत आहे, परंतु कायद्याची बाजू आधी समजून घ्या, कारण त्यातील ढिलाई संस्थेच्या मुळावर येते.

आपल्या संस्थेला परदेशातून देणगी येत असेल तर विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक रक्कम प्रथम दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. मग ती पैसे घेणारी संस्था विदर्भातील एखाद्या खेड्यात का असेना. ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणलेली आहे. कार्यालयाचे भाडे, वीजबिल, टपाल, हिशेबनिसाचा पगार हे सगळे त्या मर्यादेत मोजले जाते. म्हणूनच तुमच्या पदाचा पगार कोणत्या निधीतून निघणार आहे, हे रुजू होण्याआधी विचारण्यात संकोच बाळगू नका.

स्थानिक निधी आणि विदेशी निधी यांच्या रोकडवह्या, बँक खाती आणि व्हाउचरांच्या फायली पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. विदेशी निधीचे वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, भरायचे असते. ऐन नाताळात धावपळ नको असेल तर ते ऑक्टोबरातच हातावेगळे करावे. याशिवाय विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक जुन्या संस्थांत वारलेल्या विश्वस्तांची नावे अजूनही नोंदीवर आहेत आणि त्यामुळे साधे बँक खाते उघडतानाही तोंडचे पाणी पळते.

परदेशी पाहुणा संस्थेच्या विश्रामगृहात मुक्कामास आला तर त्याच्या आगमनाची माहिती ठरलेल्या नमुन्यात शासनाला २४ तासांच्या आत द्यावी लागते, हेही नोंदवून ठेवा.

कापूसवेचा :

हा प्रतिसाद छापून आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

शेतवाट :

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे वडील सुवार्तिक होते आणि मिशनच्या मानधनावर आमचे घर चालत असे. जोडीला आजोबांकडून आलेली थोडी कोरडवाहू जमीन होती.

एका वर्षी जूनचे मानधन लांबले. मृगाचा पाऊस वेळेवर पडला, शेजारच्या शेतांत कपाशीची लागवड सुरू झाली आणि आमच्या घरात बियाण्याला पैसे नव्हते. वडील तीन दिवस थांबले आणि मग कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे व खत घेऊन आले. ज्यांनी शेती केली आहे त्यांना ठाऊक आहे, की रोखीचा भाव आणि उधारीचा भाव एक नसतो, आणि उधारी फेडण्यासाठी कापूस त्याच माणसाला, तो म्हणेल त्या भावाने घालावा लागतो. पैसे पंधरा दिवसांनी पूर्ण आले, एक रुपयाही कमी नव्हता. पण त्या पंधरा दिवसांची किंमत आम्ही दिवाळीपर्यंत मोजत राहिलो. वडिलांनी कार्यालयाला त्याबद्दल एक अक्षरही कळवले नाही, कारण तक्रार केली तर ती देवाच्या कामाविरुद्ध होईल असे त्यांना वाटे.

तेव्हा आपल्या बंधूंना माझ्या वतीने एवढे सांगा, की विदर्भात एक जून आणि पंधरा जून या दोन तारखांमध्ये एका कुटुंबाचे अख्खे वर्ष बसलेले असते. ही गोष्ट जाणणारा माणूस त्या टेबलावर असणे आणि न जाणणारा असणे, यांत फार फरक पडतो. जमल्यास विश्वस्तांना सुचवा, की मेच्या अखेरीसच जूनचे मानधन आणि बियाण्यासाठी बिनव्याजी उचल देण्याची सोय करावी. सेवक तोंड उघडून मागणार नाही, त्यामुळे विचारणा कार्यालयाकडूनच झाली पाहिजे.

पांढरमाती :

शेतवाट, आपला प्रतिसाद मी भावाला जसाच्या तसा वाचून दाखवला. त्याने काही उत्तर दिले नाही, पण बियाण्याची उचल किती द्यावी लागेल असे मात्र विचारले.

वर्धाकाठ :

सर्वांचे लेखन मनापासून आवडले, पण खजिनदारकाकांच्या एका मुद्द्याबाबत माझे मत वेगळे आहे. सकाळच्या प्रार्थनेला विरोध नाही, तिच्या वेळेला आहे. मी ज्या कार्यालयात होतो तेथे प्रार्थना साडेनऊला सुरू होऊन कधीकधी अकरापर्यंत चाले. त्याच वेळी पहाटेच्या एस. टी.ने आलेला सेवक बाहेरच्या बाकावर हातात व्हाउचरांचे पाकीट घेऊन ताटकळत बसलेला असे. त्याची परतीची गाडी एक वाजता असे आणि ती चुकली तर मुक्कामच. आधी त्याचे काम उरकून द्यावे आणि मग निवांत प्रार्थना करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो तोच दाराबाहेर बसून राहावा, हे मला कधीच पटले नाही.

जुना खजिनदार :

वर्धाकाठ, त्याला बाहेर बसवणे चूकच होते. पण त्यावर उपाय प्रार्थना पुढे ढकलणे हा नसून त्याला आत घेणे हा आहे. तो महिनाभर एकट्याने उपासना चालवतो, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि स्वतःसाठी कोणी मोठ्याने प्रार्थना केलेली त्याला क्वचितच ऐकू येते. आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी चहा आणि पोहे देत, मग प्रार्थनेत बसवीत आणि त्यालाच साक्ष, म्हणजे आपला देवाचा अनुभव, सांगायला लावीत. मात्र घड्याळ पाळले पाहिजे. अर्ध्या तासापेक्षा अधिक नको, हे आपले म्हणणे मी पूर्ण मान्य करतो.

वर्धाकाठ :

अर्धा तास मान्य आहे. तरीही पहिली गाडी साडेआठला येत असेल तर खिडकी साडेआठलाच उघडावी, यावर मी ठाम आहे.

वाचनवेडा :

मी ख्रिस्ती नाही, परंतु हा धागा पहिल्या अक्षरापासून वाचत आहे. माझा मिशनशी परिचय नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयापुरता. ज्यांच्या नावाने ते १८८३ साली सुरू झाले ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, शाळा काढल्या, या भागातील भूगर्भाचा आणि आदिवासींच्या भाषांचा अभ्यास केला, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून वारले, एवढे वाचलेले होते. पण असे काम मागून कोण चालवतो, हा विचारच कधी केला नव्हता.

एक शंका प्रांजळपणे विचारतो, कोणी राग मानू नये. गावांत अशी चर्चा असते, की मिशनवाले पैसे देऊन माणसे आपल्यात ओढतात. मानधन, उचल, मदत हे सगळे ज्या कार्यालयातून जाते, तेथे बसलेल्या माणसाने या शंकेला काय उत्तर द्यावे?

हिशेबतपासनीस :

शंका रास्त आहे आणि ती मोकळेपणाने विचारल्याबद्दल आभार. या शंकेला सर्वांत चांगले उत्तर म्हणजे उघडी वही. कोणाला, कशासाठी, किती आणि कोणत्या निधीतून दिले, हे प्रत्येक व्हाउचरावर लिहिलेले असते, त्याचे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि ते धर्मादाय कार्यालयात सादर होते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आमिष दाखवणे हा त्या स्वातंत्र्याचा भाग नाही, आणि श्रद्धेच्या दृष्टीनेही ते निषिद्धच आहे. माझा आग्रह असा असतो, की औषधपाण्याची किंवा शिक्षणाची मदत देताना ती उपासनेस येण्याशी कोणत्याही प्रकारे जोडलेली नसावी आणि तसा लेखी ठराव विश्वस्तांनी केलेला असावा. कार्यालयातील माणसाने तो ठराव फाइलीत पहिल्या पानावर ठेवावा.

मेळघाटी :

हिशेबतपासनीसांनी वहीबद्दल लिहिले, मी छायाचित्रांबद्दल लिहितो, कारण तेथेही आमिषासारखाच एक मोह असतो आणि तो कार्यालयाला होतो.

मी धारणी तालुक्यात कोरकू गावांमध्ये काम करतो. दर महिन्याला कार्यालयातून अहवालाचा नमुना येतो. त्यात रकाने असतात : किती गावांना भेट दिली, किती घरे, किती सभा, किती उपस्थिती. सोबत छायाचित्रे पाठवा अशी सूचना असते, कारण प्रार्थनापत्रक छापायचे असते आणि देणगीदारांना काहीतरी दाखवायचे असते.

मागे एकदा एका गावातील बाळंतीण अडली. तिच्या नवऱ्याबरोबर मी तिला आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून सेमाडोहच्या घाटाने अमरावतीला डफरीनमध्ये, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, नेले. रक्ताची सोय, चिठ्ठ्या, औषधे, नवऱ्याला मराठी नीट येत नसल्याने डॉक्टरांशी बोलणे, यांत बाकीचा महिना गेला. आई आणि बाळ दोघेही वाचले. महिनाअखेरीस मी तो नमुना भरायला बसलो तेव्हा प्रत्येक रकान्यात शून्य लिहावे लागले. कार्यालयातील एका ताईंनी तो अहवाल पाहिला आणि मला फोन करून विचारले, "दादा, तुम्ही बरे आहात ना?" मी सगळे सांगितले. पुढच्या महिन्यापासून नमुन्याच्या तळाशी "या महिन्यात काय घडले ते आपल्या शब्दांत लिहा" अशी अर्धे पान मोकळी जागा आली. ती जागा कोणत्याही विश्वस्त मंडळाने दिली नाही, टेबलावरच्या माणसाने दिली.

त्याच ताईंनी नंतर दुसरा नियम केला. ज्याचे छायाचित्र आहे त्याला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय ते छापायचे नाही, आजारी किंवा उघड्या अंगाच्या मुलांचे तर मुळीच छापायचे नाही, आणि गावाचे नाव द्यायचे नाही. देणगी कमी झाली तरी चालेल, असे त्यांनी बैठकीत सांगितले. आपण त्या खुर्चीवर बसाल तेव्हा कृपया हे दोन्ही नियम चालवा.

वाचनवेडा :

मेळघाटी, आपला हा प्रतिसाद वाचून माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, असे मी म्हणेन.

कापूसवेचा :

परदेशी निधीवर बरीच चर्चा झाली, म्हणून आपल्याच मंडळ्यांतून (चर्चमधून) येणाऱ्या अर्पणाबद्दल लिहिते. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ मिशनच्या कामासाठी बाजूला काढतात, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीचा तेथील मंडळीच्या कामाला मोठा आधार आहे. आमच्या महिला मंडळाने त्यावरून तुरीच्या डाळीची मूठ सुरू केली. डाळ महिनाअखेरीस तोलून विकतो आणि पैसे साहाय्य कार्यालयाला पाठवतो.

शिवाय आमचा कापणीचा सण असतोच. उपासना झाल्यावर वेदीपुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. गेल्या वेळी एक कोहळे असे रंगले, की ज्याने घेतले त्यानेच ते पुन्हा अर्पण केले, दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत दिले, आणि शेवटी पाळकसाहेबांनी हात जोडून सांगितले, की आता कोणीतरी हे घरी नेऊन याची भाजी करावी. एका कोहळ्यावर एका सेवकाच्या मुलाची वह्या-पुस्तके झाली.

पण कार्यालयाला माझी एक विनंती आहे. लहान रकमेचीही पावती तितक्याच आदराने आणि वेळेवर पाठवा. आमच्याकडच्या एका मजूर आजी दरमहा थोडे पैसे देतात. त्यांना अक्षरओळख नाही, तरी त्या पावती माझ्याकडून वाचून घेतात आणि पवित्र शास्त्रात ठेवतात. नाव चुकीचे छापून आले तर त्यांना फार लागते.

हिशेबतपासनीस :

कोहळ्याच्या लिलावाचीही पावती फाडा, आणि ज्याने जितके दिले त्याच्या नावाने तितकी फाडा. ताई, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

शेतवाट :

यवतमाळचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळलाच होती. देशभरातून आलेले विद्यार्थी तेव्हा आमच्या भागातील खेड्यांत जात असत, असे वडील सांगत. उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच. सांगायचे कारण असे, की ज्या कामात आपण जात आहात त्याची मुळे याच मातीत खोल आहेत. जुन्या कार्यालयांच्या कपाटांत या काळातील पत्रे, हजेरीपट आणि बाप्तिस्मा-नोंदी वाळवीच्या तोंडी पडलेल्या असतात. वेळ मिळेल तेव्हा त्या काढून उन्ह दाखवावे आणि त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

पांढरमाती :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मी रुजू होण्याचे नक्की केले आहे. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांपैकी मन टिकते का, याचे उत्तर मला मिळाले. आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. पहिल्या महिन्यात मी कार्यालयातच बसून सगळ्या फायली समजून घ्याव्यात, की सेवकांच्या गावी जाऊन यावे? कार्यालयप्रमुखांनी निवड माझ्यावर सोडली आहे.

मेळघाटी :

आधी जाऊन या. सेवकाच्या घरी एक रात्र मुक्काम करा, त्याच्या पत्नीशी बोला, ती घर कसे चालवते ते पाहा. नंतर त्याचे व्हाउचर वाचताना अनेक गोष्टी न विचारता कळतील.

जुना खजिनदार :

मेळघाटींशी सहमत आहे, मात्र पंचवीस तारखेच्या आत परत या आणि पहिल्या मानधनाची यादी स्वतः बनवा. निघण्यापूर्वी प्रत्येक सेवकाच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आधारवरील नावाचे नेमके स्पेलिंग, शाखेचा कोड आणि घरातील दुसऱ्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक यांसाठी एक वही आखून घ्या आणि ती तेथेच बसून भरा. नावातील एका अक्षराच्या फरकाने रक्कम अडून पडते. एस. टी.चे वेळापत्रक डेपोत जाऊन विचारा, कारण पावसाळ्यात पोडांकडच्या फेऱ्या बंद होतात. आणि वर्धाकाठांचे ऐकून खिडकी साडेआठला उघडायची असेल, तर चहाचे सामान आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा.